वकिलावरच दावा लावला, तर गुपिताचे काय?

समजा, जमिनीचा दावा तुम्ही खालच्या कोर्टात हरलात. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवसांची मुदत होती. ती उलटून गेली आणि अपील दाखलच झाले नाही. तुमचे म्हणणे, मी वकीलसाहेबांना अपील करा म्हणून सांगितले होते, हयगय त्यांनी केली. वकिलांचे म्हणणे, या कागदांवर अपील टिकणार नाही हे मी स्पष्ट सांगितले होते आणि तुम्हीच म्हणालात, राहू द्या, आणखी खर्च नको. चिडून तुम्ही नुकसानभरपाईसाठी वकिलांवरच दावा लावता. आता खरे कोण बोलतो हे ठरवायचे तर पुरावा एकच, त्या दिवशी चेंबरमध्ये झालेले बोलणे. आणि नेमके तेच बोलणे बाहेर काढायला कायद्याने वकिलाला मनाई केलेली आहे.

म्हणजे अशिलाने वाटेल तो आरोप करायचा आणि वकिलाने तोंड शिवून बसायचे? की उलट, दावा लागला म्हणून वकिलाला अशिलाची सगळी अंडीपिल्ली कोर्टात मांडायची मुभा मिळते? इंग्रजी धर्तीची न्यायव्यवस्था जिथे जिथे गेली, तिथे हा पेच कधी ना कधी न्यायाधीशांपुढे आला. त्याची उत्तरे देशागणिक थोडी वेगळी आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. हे गुपित कोणाच्या मालकीचे?

गुपित अशिलाचे

आपल्याकडे याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि ही तरतूद कलम १३२ मध्ये गेली. कामाच्या ओघात अशिलाने सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद, वकिलाने दिलेला सल्ला, यांतले काहीही अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाने उघड करायचे नाही. वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही. वकिलाचे कारकून आणि दुभाषे यांच्यावरही ते आहे.

बंधन कुठवर आहे, हे कायद्यातल्याच उदाहरणांवरून कळते. अशील वकिलाला म्हणतो, मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा. हे बोलणे गुपित राहते, कारण गुन्हेगारालाही बचावाचा हक्क आहे. दुसरा अशील म्हणतो, या खोट्या दस्ताच्या जोरावर मला मिळकतीचा ताबा मिळवून द्या. याला संरक्षण नाही. झाल्या गुन्ह्याची कबुली झाकली जाते, पुढच्या गुन्ह्यासाठी मागितलेली मदत झाकली जात नाही.

ही मालकी सुरुवातीपासून अशिलाची नव्हती. इंग्लंडमध्ये १५७७ साली बर्ड विरुद्ध लव्हलेस या प्रकरणात एका सॉलिसिटरला साक्ष देण्यातून सूट मिळाल्याची नोंद आहे. त्या काळातली समजूत अशी, की विश्वासाने सांगितलेली गोष्ट सभ्य गृहस्थ चारचौघांत बोलत नाही. म्हणजे जपायची होती ती वकिलाची प्रतिष्ठा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत विचार बदलला. अशील मोकळेपणाने बोलला नाही तर त्याला धड सल्ला मिळणार नाही, आणि धड सल्ला मिळाला नाही तर न्यायही मिळणार नाही. म्हणून संरक्षण अशिलासाठी आणि ते सोडून देण्याचा अधिकारही अशिलालाच. वकील हा फक्त राखणदार.

फीच्या भांडणातून फुटलेले गुपित

वकील-अशिलाचे बिनसले की काय बाहेर पडू शकते, हे दाखवणारा सर्वांत गाजलेला खटला १७४३ साली डब्लिनमध्ये चालला. जेम्स ॲनेस्ली नावाच्या तरुणाचे म्हणणे होते, की एका सरदाराच्या जहागिरीचा खरा वारस मी आहे. लहानपणी चुलत्याने मला पळवून अमेरिकेत वेठीच्या नोकरीसाठी विकले आणि जहागीर बळकावली. हा चुलता म्हणजे अर्ल ऑफ अँगल्सी. ॲनेस्ली परत आल्यावर त्याच्या हातून अपघाताने गोळी सुटून एक माणूस मेला आणि त्याच्यावर खुनाचा खटला झाला. तो निर्दोष सुटला, पण या खटल्यामागे पैसा चुलत्याचा होता. दहा हजार पौंड गेले तरी चालतील, पण हा फासावर गेला पाहिजे, असे अर्ल आपल्या वकिलाजवळ बोलला होता.

पुढे फीच्या बिलावरून अर्ल आणि त्या वकिलाचे वाजले, प्रकरण कोर्टात गेले आणि हे बोलणे ॲनेस्लीच्या बाजूला कळले. जहागिरीच्या खटल्यात त्यांनी त्या वकिलालाच साक्षीला उभे केले. अर्लच्या वकिलांनी विश्वासाने झालेल्या बोलण्याची ढाल पुढे केली. कोर्टाने ती मानली नाही. एखाद्या निरपराध माणसाला फासावर चढवण्याची इच्छा हा काही वकिली कामाचा भाग नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. ज्युरीने कौल ॲनेस्लीच्या बाजूने दिला. त्याला किताब मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.

या खटल्यात गुपित फुटले ते त्यातल्या दुष्ट हेतूमुळे. अशील स्वतःच वकिलाच्या कामावर बोट ठेवतो तेव्हा काय करायचे, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८८ साली हंट विरुद्ध ब्लॅकबर्न या खटल्यात दिले. आर्कान्सा राज्यातल्या जमिनीचा वाद होता. आधीच्या एका हुकूमनाम्याला एक बाई बांधल्या जात होत्या. त्यांचा बचाव असा, की माझ्या वकिलानेच मला चुकीचे समजावले. मग त्या वकिलाने आपली बाजू सांगायला तोंड उघडताच आक्षेप आला, की हे आमच्यातले गुपित आहे. न्यायालयाने आक्षेप फेटाळला. वकिलाशी काय बोलणे झाले यावरच तुमचा बचाव उभा असेल, तर त्या बोलण्यावरचा पडदा तुम्ही स्वतःच बाजूला केला आहे.

तत्त्व तेव्हापासून पक्के आहे. वकिलाच्या सल्ल्याला अशिलाने वादाचा विषय केले की त्या विषयापुरते गुपित उरत नाही. आपल्या सोयीची चार वाक्ये कोर्टाला ऐकवायची आणि गैरसोयीची चार झाकायची, असे चालत नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९८३ च्या आदर्श नियमांनी हेच वकिलाच्या बाजूने मांडले. अशिलाशी वाद उद्भवला तर स्वतःच्या बचावासाठी, किंवा फीची वसुली करण्यासाठीही, वकील गोपनीय माहिती उघड करू शकतो. मात्र वाजवी गरजेपुरतीच. हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, कारण ते नसते तर ‘फी द्या, नाहीतर बोलतो’ अशी धमकी द्यायला वकील मोकळा झाला असता.

किती उघडायचे?

खरी झुंज पुढे होते, ‘त्या विषयापुरते’ म्हणजे किती यावर.

इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९९३ च्या सुमारास लिलिक्रॅप विरुद्ध नाल्डर हे प्रकरण आले. जमिनी घेऊन बांधकाम करणाऱ्या व्यावसायिकांनी आपल्या सॉलिसिटरवर दावा केला होता. विकत घेतलेल्या मिळकतीच्या वहिवाटीच्या हक्कात अडचण होती आणि ती तुम्ही आम्हाला सांगितली नाही; कळले असते तर आम्ही हा व्यवहार केलाच नसता. चूक झाली हे सॉलिसिटरांना मान्य होते. त्यांनी दुसराच मुद्दा काढला. याच अशिलांच्या आधीच्या व्यवहारांच्या फायली आमच्याकडे आहेत आणि त्यांतून दिसते, की धोका सांगितल्यावरही हे लोक बिनदिक्कत पुढे जात. म्हणजे या वेळी सांगितले असते तरी त्यांनी खरेदी केलीच असती.

आता त्या जुन्या फायली वेगळ्या व्यवहारांच्या. त्यांतला सल्ला गोपनीय राहायला नको का? न्यायालय म्हणाले, नाही. ‘कळले असते तर मी असे वागलो नसतो’ हे अशिलाचेच म्हणणे आहे. ते खरे की खोटे हे ज्या कागदांवरून ठरते ते झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. चालू प्रकरणापुरतेच गुपित उघडेल अशा समजुतीत राहिलेल्या अशिलाला हा निर्णय चांगलाच महाग पडू शकतो.

काही वर्षांनी याच न्यायालयाने दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकली. पॅरागॉन फायनान्स ही गृहकर्ज देणारी कंपनी. तिने आपल्या जुन्या सॉलिसिटरांवर, फ्रेशफील्ड्सवर, हलगर्जीपणाचा दावा केला. मधल्या काळात याच विषयावर ती दुसऱ्या सॉलिसिटरांकडे गेली होती आणि त्यांच्या सल्ल्याने विमा कंपन्यांशी तडजोड केली होती. फ्रेशफील्ड्सची मागणी अशी, की नुकसान किती आणि कशामुळे झाले हे ठरवायला दुसऱ्या सॉलिसिटरांशी झालेला पत्रव्यवहारही आम्हाला पाहू द्या. लॉर्ड बिंगहॅम यांच्या पीठाने १९९९ मध्ये ती नाकारली. अशिलाने दावा लावून जे उघडले ते फक्त त्याच्या आणि ज्याच्यावर दावा आहे त्या वकिलाच्या दरम्यानचे. तिसऱ्याशी झालेले बोलणे, मग ते कितीही संबंधित असो, अजून अशिलाचेच.

व्यवहारात याचा अर्थ फार मोठा आहे. जुन्या वकिलावर दावा लावायचा की नाही, हे विचारायला तुम्ही नव्या वकिलाकडे जाता, तेव्हा तिथे तुम्ही मनातले बोलू शकता. ‘तसे त्यांनी मला एकदा सुचवले होते, पण मी लक्ष दिले नाही’ हे वाक्य नव्या वकिलाच्या चेंबरमध्ये सुरक्षित आहे. तेच वाक्य जुन्या वकिलाला ई-मेलने पाठवलेले असेल, तर नाही.

फौजदारी प्रकरणांत कुंपण आणखी घट्ट घालावे लागते. माझा वकील नालायक होता म्हणून मला शिक्षा झाली, असे म्हणून फेरसुनावणी मागण्याचा हक्क अमेरिकेत कैद्याला आहे. तो बजावायचा तर जुन्या वकिलाची जबानी होणार आणि त्या जबानीत कैद्याने दिलेली कबुलीही बाहेर येऊ शकते. समजा कैदी जिंकला आणि खटला पुन्हा चालला, तर सरकारी वकिलाच्या हाती ती कबुली आयतीच पडेल. कॅलिफोर्नियातल्या एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने २००३ साली ठरवले, की असे उघड झालेले बोलणे वकिलाच्या कामाचे मोजमाप करण्यापुरतेच वापरायचे, फेरखटल्यात कैद्याविरुद्ध नाही. नाहीतर चांगला वकील मिळण्याचा एक हक्क मागण्यासाठी गोपनीयतेचा दुसरा हक्क सोडावा लागला असता.

सर्वांचे गुपित असेल तर

आतापर्यंतच्या सर्व प्रकरणांत गुपिताची किल्ली अशिलाच्या खिशात होती. ती तिथे नसेल तर काय होते, हे कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिकाला कळून चुकले.

त्या राज्याच्या पुरावा संहितेत कलम ९५८ आहे. वकील-अशील नात्यातून आलेले कर्तव्य दोघांपैकी कोणीही मोडले, असा वाद असेल तर त्या मुद्द्याशी संबंधित बोलण्याला गोपनीयतेचे संरक्षण नाही, असे ते कलम स्वच्छ सांगते. त्यामुळे आपल्या वकिलांवर दावा लावताना या व्यावसायिकाला पुराव्याची चिंता वाटायचे कारण नव्हते. ‘व्हॉन डच’ या कपड्यांच्या ब्रँडच्या परवान्यावरून त्याचा मूळ वाद चालू होता. ऑगस्ट २००४ मध्ये खटला उभा राहण्याच्या तोंडावर मध्यस्थीची बैठक झाली. त्याचे म्हणणे असे, की वीस लाख डॉलरच्या खाली यायचे नाही हे वकिलांशी आधी ठरले होते. बैठक चौदा तास चालली. उपाशी, थकलेल्या अवस्थेत वकिलांनी आपल्याला घेरले, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत सोडली नाही, खटला सोडून देण्याची भीती घातली आणि साडेबारा लाख डॉलरवर सही करायला लावली.

हे सगळे बोलणे त्याच्यात आणि त्याच्याच वकिलांत, समोरची बाजू खोलीत नसताना झालेले. तरीही जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुराव्यात घ्यायला नकार दिला. कारण मध्यस्थीची गोपनीयता हा वेगळाच कायदा आहे. मध्यस्थीसाठी झालेले बोलणे त्यात भाग घेणाऱ्या सगळ्यांचे गुपित असते आणि अशील एकटा ते सोडू शकत नाही. वकिलांना आयतेच कवच मिळाले. एका न्यायमूर्तींनी तर मनाविरुद्ध का होईना, कायद्याच्या शब्दांपुढे मान तुकवत असल्याचे वेगळे लिहून ठेवले.

पुढे विधिमंडळाने यावर तोडगा काढला, पण अर्धाच. १ जानेवारी २०१९ पासून कॅलिफोर्नियात मध्यस्थीला बसण्यापूर्वी वकिलाने अशिलाला वेगळ्या छापील कागदावर समज द्यावी लागते, की इथे आपल्यात जे बोलणे होईल ते उद्या माझ्याविरुद्धच्या दाव्यातही तुम्हाला वापरता येणार नाही. त्याखाली अशिलाची सही घ्यायची. नियम मात्र तसाच राहिला. भारतात मध्यस्थीचे प्रमाण वाढते आहे आणि संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेची कलमे आहेत. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला फार दूरची नाही. तडजोडीच्या बैठकीआधी आपली किमान रक्कम वकिलाला लेखी कळवून ठेवणारा अशील शहाणाच म्हणायला हवा. पण ते पत्रही मध्यस्थीच्या तयारीचा भाग ठरू शकते, हे त्याने ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे

भारतात वकिलावर हलगर्जीपणाचा दावा लावता येतो का, असा प्रश्न अनेकांना पडतो. १९२६ चा एक छोटासा कायदा आहे, वकिलांच्या फीविषयीचा. त्याच्या कलम ५ नुसार, केवळ वकील आहे म्हणून कामातल्या हलगर्जीपणाबद्दलच्या दाव्यातून कोणाची सुटका होत नाही. ग्राहक न्यायालयाची वाट मात्र बंद झाली. दिल्लीतल्या एका अशिलाचा वीस हजारांचा धनादेश वटला नव्हता. समोरच्याने पुढे ते वीस हजार आणि खर्चाचे पाच हजार वकिलाच्या हाती दिले, आणि वकिलाने ते अशिलाला देण्याऐवजी फीसाठी अडवून धरले, अशी तक्रार होती. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकील ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात असे म्हटले. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वकील काम करतो ते अशिलाच्या नियंत्रणाखाली, म्हणून ती वैयक्तिक सेवा ठरते आणि ग्राहक कायद्याबाहेर राहते, असे त्याचे कारण.

म्हणजे उरले दोन मार्ग. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तिथून समज मिळू शकते, सनद निलंबित किंवा रद्द होऊ शकते, पण बुडालेले पैसे भरून मिळत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा.

दिवाणी दाव्यात सुरुवातीच्या उदाहरणातला पेच आपला कायदा मोठ्या चतुराईने सोडवतो. कलम १३२ मध्ये अपवाद आहेत ते बेकायदा हेतूचे आणि काम हाती घेतल्यानंतर घडलेल्या गुन्ह्या-फसवणुकीचे. ‘अशिलाने वकिलावर दावा केला तर’ असा अपवाद त्यात लिहिलेलाच नाही. पण पुढची दोन कलमे पाहा. अशिलाने वकिलाला साक्षीला बोलावून गोपनीय विषयावर प्रश्न विचारला, तर तेवढ्यापुरती संमती दिली असे कलम १३३ मानते. आणि कलम १३४ म्हणते, की अशिलाला त्याचे गुपित उघड करायला कोणी भाग पाडू शकत नाही. मात्र तो स्वतः साक्षीला उभा राहिला, तर त्याने दिलेली साक्ष समजण्यासाठी जितके आवश्यक तितके बोलणे कोर्ट त्याच्याकडून काढू शकते. त्यापलीकडचे नाही.

‘मी अपील करायला सांगितले होते’ हे सिद्ध करायचे तर तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावेच लागेल. पिंजऱ्याबाहेर राहिलात, तर साक्ष टाळणाऱ्या पक्षकाराविरुद्ध अनुमान काढता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये विद्याधर विरुद्ध माणिकराव या निकालात सांगून ठेवले आहे. एकदा पिंजऱ्यात आलात, की उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येणार: त्या दिवशी वकिलांनी तुम्हाला काय सल्ला दिला होता? त्याला ‘हे गुपित आहे’ हे उत्तर चालणार नाही.

कागदांचे काय? फी थकली म्हणून वकिलाने फाइल अडवून ठेवली, ही तक्रार नेहमीची आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले, की थकलेल्या फीसाठी अशिलाचे कागद ताब्यात ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही. फी हवी तर त्याने वेगळा दावा करावा.

आणि कोर्टाबाहेरचे भांडण? इंटरनेटवर अशिलाने वकिलाला एक तारा दिला, ‘यांनी माझी केस बुडवली’ असे लिहिले, तर वकिलाने खाली सगळी हकिगत लिहून उत्तर द्यावे का? अमेरिकन बार असोसिएशनने जानेवारी २०२१ मध्ये मत दिले, की नाही. असा शेरा म्हणजे बचावाचा अपवाद लागू होणारा वाद नव्हे. वकिलाने गप्प बसावे, किंवा गोपनीयतेमुळे उत्तर देता येत नाही एवढेच लिहावे. अशिलाने चावडीवर बोलल्याने वकिलाचे तोंड सुटत नाही. त्यासाठी प्रकरण रीतसर उभे राहावे लागते.

म्हणून वकिलावर दावा लावण्याचा विचार असेल, तर सूचना, ई-मेल, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि पावत्या तारखेवार लावून फाइल परत मागून घ्यावी. नव्या वकिलाकडे जाताना त्या फाइलमधली आपल्याला अडचणीची पाने सर्वांत वर ठेवावीत. तिथे ती दाखवण्यात काही धोका नाही, आणि दावा दाखल झाला की तीच पाने जुने वकीलसाहेब सर्वांत आधी कोर्टापुढे ठेवणार आहेत.